एडनचे चार दात

माझे चार दात एडनला राहिले आहेत. खालचे, उजव्या बाजूचे, ओळीने चार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. हे मी कित्येक वर्षे तोंडी सांगत आलो आणि सांगून थकलो. निदान एकदा लेखी असावे म्हणून लिहितो.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाने मला सहा महिने लंडनला धाडले होते, बातमी तपासून कशी घ्यावी हे शिकायला. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.) परतीच्या बोटीवर दाढ ठणकू लागली. एडनला बोट सहा तास थांबली. तेवढ्यात बंदरावरच्या एका दंतवैद्याने एक दाढ तपासली आणि चार दात काढले! वर टाके घातले. बोटीवरच्या डॉक्टरने हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी आवळली आणि सांगितले, "पंधरा दिवस मऊ खा आणि शक्यतो बोलू नका." पाच दिवसांनी मुंबई दिसली तेव्हा माझा उजवा गाल मधोमध जांभळा आणि कडेने हिरवट झाला होता.

बोट सकाळी लागली. जकातीच्या लोकांनी चार तास बसवून ठेवले आणि तरीही सामान दिले नाही. दुपारी हात हलवत काळाचौकीला घरी आलो, तर खोलीला कुलूप.

किल्ली शेजारच्या भिकाजी साळकरांकडे होती. साळकर गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत आणि उरलेल्या वेळात आमच्या चाळीतली चळवळ चालवत.

"वहिनी तुरुंगात आहेत," साळकर म्हणाले. माणसे माहेरी गेल्याचे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात. "बायकांच्या तुकडीत सत्याग्रह केला. पुढच्या मंगळवारी सुटतील. काळजी नको." मग त्यांची नजर पट्टीवर गेली आणि चेहरा बदलला. "अहो! हे काय?"

"एडनला दात काढले," मी म्हणालो. टाक्यांमधून जेवढे स्पष्ट निघाले तेवढे.

साळकरांनी इकडेतिकडे पाहून मला भिंतीशी ओढले. "बोट कधी लागली?"

"सकाळी."

"आणि आता वाजले दोन. आज सकाळी फोर्टात आपल्या मोर्चावर लाठी चालली. तुम्ही तिथंच होता ना?"

"जकातीत होतो."

"बरोब्बर!" त्यांनी माझा हात दाबला. "कोणी विचारलं तर हेच सांगायचं. एडन काय, जकात काय! शिकलेला माणूस तो शिकलेलाच!"

इथे एक खुलासा आवश्यक आहे. त्या दिवसांत गिरणगावात कोणालाही लाठी लागत नसे. जखमी माणसाचे नाव पोलिसांकडे जाईल या भीतीने डॉक्टरला, मुकादमाला, सासरच्यांना सगळे एकच सांगत: जिन्यावरून पडलो. नाहीतर मोरीत घसरलो. लालबाग-परळचे जिने आणि मोऱ्या त्या वर्षी अतिशय बदनाम झाल्या. ऐकणाराही मान डोलवून म्हणे, "जपून उतरत जा हो." तेव्हा दुखापतीचे कारण जितके निरुपद्रवी, तितकी लाठी जोराची, असा हिशेब होता. माझे कारण तर थेट समुद्रापलीकडचे! (चार तासांत गाल हिरवा होत नाही, हे मात्र कोणाच्याही ध्यानात आले नाही. लंडनला हेच शिकवतात.)

घरात चूल बंद होती आणि मला भूक होती. साळकर मला लालबागला पारूमावशींच्या खानावळीत घेऊन गेले. मावशी मालवणच्या. दोन पाळ्यांच्या गिरणी कामगारांना जेवू घालत. बाकावर वीस-बावीस माणसे भाकरीबरोबर सुक्या बांगड्याची आमटी ओरपत होती. भाकऱ्यांकडे पाहूनच माझे टाके दुखले.

"अरे माझ्या देवा! कोणी मारल्यानी रे तुका?" मावशींनी पळी खाली ठेवली.

"एडनला..."

"माका शिकवू नको. झील माझो जिन्यावरसून पडलो, भाचो मोरीत घसरलो, आता तू एडनाक गेलंस! बस. पेज खा."

अख्खा बाक सरकला. मला भिंतीकडची, मानाची जागा मिळाली. पेजेवर तूप आले, बाजूला खोबऱ्याची वाटी आली. समोरच्या कामगाराने स्वतःची भाकरी थांबवून माझ्यासाठी पंख्याने पेज निववली. मला अत्यंत संकोच वाटला. बोलता येत नव्हते, पण लिहिता येत होते. खिशातला कागद काढून मी बातमीच्या शिस्तीत लिहिले: 'एडन येथे दंतवैद्याने चार दात काढले. लाठीमाराशी संबंध नाही.' खाली सही केली.

साळकरांनी तो मावशींना वाचून दाखवला. मावशींनी कागद घेतला, घडी घातली आणि चुलीत टाकला.

"असलो कागद खिशात ठेवतत? पोलिसांक गावलो तर?"

माझा आयुष्यातला सर्वांत अचूक मजकूर असा गेला.

मंगळवारच्या आत हे निस्तरायला हवे होते. सुमन, म्हणजे माझी बायको, खरोखर रस्त्यावर उतरली होती, खरोखर तुरुंगात होती. मी त्या काळात लंडनला उकडलेले बटाटे खात होतो. ती सुटून यावी आणि तिच्या पराक्रमावर माझा गाल स्वार झालेला दिसावा, हे मला परवडणारे नव्हते. शिवाय सुमनला खोटे चालत नाही. ती शाळेत गणित शिकवते.

पण रोज दोनदा भूक लागे, आणि जिथे मऊ अन्न तिथे माझी कीर्ती आधीच पोचलेली असे. डिलाईल रोडच्या इराण्याकडे बन चहात बुडवत होतो, तर मालकाने चहात दुप्पट दूध ओतवले. तीन अनोळखी माणसे मला "जपून उतरत जा हो" म्हणून गेली. मी हात हलवून नाही-नाही केले. त्यांनी हात जोडले.

शेवटी शनिवारी दादर गाठले. तिथे मला कोणी ओळखत नव्हते. एका स्वच्छ, शांत उपाहारगृहात जाऊन दहीभात मागवला. गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून पाहत होते. थोड्या वेळाने जवळ आले.

"फार लागलेलं दिसतंय. कशानं झालं?"

मी फार थकलो होतो. तीन वेळा खरे बोलून कोणी विश्वास ठेवला नव्हता. खोटे बोलल्यावर तरी माणसे गप्प बसतील असे वाटले.

"जिन्यावरून पडलो," मी म्हणालो.

गृहस्थ ताठ उभे राहिले. चष्मा काढला. डोळे पुसले. "समजलो," ते हलकेच म्हणाले आणि आत वळून ओरडले, "यांना खरवस द्या! वेलची घातलेला!"

मी खुलासा करायला तोंड उघडले. पण खरवस आला होता, आणि तो फार मऊ होता.

रविवारी मी पुन्हा तिथेच गेलो. सोमवारीही.

मंगळवारी संध्याकाळी चाळीच्या चौकात बाके मांडली होती. आमच्या भागातल्या सहा बायका सुटून आल्या. सगळ्यांना हार घातले. सुमन वाळली होती, पण ताठ होती. तिने मला पाहिले, पट्टी पाहिली आणि पदर तोंडाला लावला. त्याच वेळी साळकर बाकावर चढले.

"बंधुभगिनींनो! एकाच घरात, पत्नी तुरुंगात आणि पती लाठीखाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या गळ्यात हार पडला. (सुमनच्या हारापेक्षा हा मोठा होता. मी मोजमाप केले नाही, तिने केले.) मला तिच्या शेजारी बसवण्यात आले.

"बोट कधी आली?" पदराआडून प्रश्न आला.

"गेल्या मंगळवारी."

"मग लाठी कधी लागली?"

"लागली नाही. एडनला दात काढले."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तीनदा. एकदा लेखी."

"मग?"

वार्ताहराने मूळ कारण दडवू नये. "मग खरवस आला," मी म्हणालो.

तिने पदर काढला नाही. मला वाटले, हसते आहे.

समारंभानंतर पारूमावशींनी सहाही बायकांना जेवायला नेले. सुमनच्या पुढ्यात टोपलीतली सर्वांत मोठी, खरपूस भाकरी आली. माझ्या पुढ्यात पेज, तूप, खोबरे. सुमनने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि कळवळून बाहेर काढला.

"काय गो झाला?" मावशींनी विचारले.

"तुरुंगातल्या भाकरीत खडा होता," सुमन म्हणाली. आता पदर नव्हता, आणि सुजलेला गाल सगळ्यांना दिसला. "दाढ अर्धी तुटली. चार दिवस झाले."

अख्खी खानावळ क्षणभर विचारात पडली. सरकारी तुरुंग, सरकारी भाकरी, सरकारी खडा! लढ्यातली आमच्या घरची ही एकमेव अस्सल जखम माझ्या डोळ्यांदेखत बसली होती.

"म्हंजे दातदुखी!" मावशी म्हणाल्या आणि निश्चिंत होऊन चुलीकडे वळल्या. "लवंग धर दाढेत. जातली."

"लवंग बेस्ट," साळकर म्हणाले आणि माझ्या पेजेत आणखी तूप ओतले.

सुमनने हात लांबवून माझी पेज स्वतःकडे ओढली, तूप-खोबऱ्यासकट. मग तिची भाकरी माझ्यासमोर सरकवली.

"चावा," ती म्हणाली.

मी ती भाकरी आमटीत भिजवून पाऊण तास खाल्ली. त्या संपूर्ण काळात मला खऱ्या अर्थाने मार बसत होता.

याला खूप वर्षे झाली. चाळीत दरवर्षी महाराष्ट्र दिनाला मला बाकावर बसवतात. मी दरवर्षी एडनचा खुलासा करतो आणि नम्रतेबद्दल दरवर्षी मला शाल मिळते. आता माझ्या तोंडात एकही दात उरलेला नाही. नवी मुले ते बोळके पाहतात आणि एकमेकांना म्हणतात, "बत्तीसच्या बत्तीस! केवढा मार खाल्ला असेल रे!" सुमन पहिल्या रांगेत बसलेली असते, अर्धी दाढ आणि तोंडात लवंग घेऊन. शाल सावरत मी खाली आलो की ती फक्त एवढेच विचारते,

"यंदा खरवस नाही वाटतं?"