लालासाहेबांच्या खानावळीतला फोन

लालासाहेब पलटणीच्या सिग्नलमधून हवालदार होऊन परतले आणि पंचाहत्तर साली त्यांनी सांगलीत हळदीच्या पेठेलगत खानावळ काढली. महिन्याभरातच त्यांना कळून चुकलं, की बर्फातून छावणीला निरोप पोचवणं सोपं, गल्ल्यावरून चुलीपर्यंत पोचवणं महाकर्मकठीण!

चूल मागच्या अंगणापलीकडे. निरोप्या म्हणजे वाढपी केरबा. "दोन भाकरी, एक आमटी" घेऊन निघालेला केरबा वाटेत आडावर चूळ भरी, दोन गप्पा मारी आणि आत जाऊन ठेचा मागे.

शेवटी बाळासो अडते ताटावरून उठले. त्यांच्या मागे बारा मेंबर, म्हणजे निम्मी खानावळ.

"लालासाब, भाकरी यायच्या आत माझा सौदा मोडतोय. आता आमी समोरच्या खानावळीत."

"सोमवारचा एक दिवस द्या गड्या!"

रविवारी लालासाहेबांनी जुन्या बाजारातून फौजी फोनांची जोडी आणली, अंगणातून तार ओढली. सोमवारी बारा मेंबर ताटावर बसले. लालासाहेबांनी ऐटीत हँडल फिरवलं.

"हॅलो किचन! बारा भाकरी! ओव्हर!"

सामसूम.

"हॅलो! ऐकू येतंय का? ओव्हर!"

ओव्हर कसलं, तिकडून नुसता करपल्याचा वास आला. लालासाहेब धावले. चुलीपुढे धाकट्या भावाची बायको लीलाबाई कपाळाखाली पदर ओढून, फोन कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून उभी. तव्यावर भाकरीचा कोळसा.

पंधरा वर्षांत तिनं थोरल्या दिराशी शब्द काढला नव्हता, की त्यांनी तिच्याशी. लालासाहेबांनी केरबाला मधे घातलं.

"केरबा, इचार, बोलत का न्हाईत?"

तीन हातांवरून लीलाबाई केरबाला म्हणाली, "सांग, थोरल्यांच्या तोंडाला तोंड कसं द्यायचं? आन् त्ये तर पार कानातच आल्यात. बसू कशी?"

"केरबा, सांग, त्यो फोन हाय!"

"आवाज त्यांचाच हाय न्हवं?"

लालासाहेब कपाळ बडवत अंगणात आले. तेवढ्यात आतला फोन खणाणला. गल्ल्यावर भुकेल्या बाळासोंनी हँडल फिरवलं होतं. लीलाबाईनं पदर मागं सारला.

"हां, बोला! किती? बारा? धा मिंटांत देते. पयल्या चार घेऊन केरब्याला धाडते, पण वाटंत थांबला तर तुमीच हाका मारा!"

धा मिंटांत बारा भाकरी! मेंबरांची फोनापुढे रांग लागली. कुणी कांदा मागवला, कुणी नुसतंच "आमटी झकास" कळवलं.

हात धुऊन बाळासो म्हणाले, "ऱ्हातो आमी. पर एक अट. तुमी फोनला हात लावायचा न्हाई. तुमी बोलला की चूल थांबती!"

बर्फात तारा ओढणारे लालासाहेब गल्ल्यावरून उठले. पाण्याचा तांब्या घेऊन ते पुढच्या पंगतीकडे वळले.