मामा हँग व्हायचे तेव्हा

माझे मामा शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मागच्या भिंतीला लागून वर जाणारा लाकडी जिना. वरचा मजला मालकाचा. तो परगावी राहायचा, त्यामुळे वर कायम कुलूप. मी मामांकडेच वाढले, त्यांच्याकडेच कामाला लागले. मामा कापायचे, मामी काज-बटणं करायची, आणि शाळांच्या बिल्ल्यांचं भरतकाम करायचं मशीन घेतलं तेव्हा त्याचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला.

'हँग' हा शब्द त्या मशीनबरोबर घरात आला. मशीन मधेच थांबायचं. दिवा चालू, आतला पंखा घरघरतोय, सुई कापडात रुतलेली, आणि कितीही बटणं दाबा, ढिम्म.

मामी घाबरायची. "बिघडलं का गं?"

"बिघडलं नाही मामी, हँग झालंय. आत सगळं चालू आहे, फक्त आपली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही."

मामीला शब्द इतका आवडला की तिने तो गल्लीभर वाटला. नळाला पाणी नाही, नळ हँग. फिटिंगला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोरून हलेना, ते हँग. शेजारचे काका बोलता बोलता धाकट्या सुनेचं नाव विसरले, तेही हँग.

मग एका दुपारी मामा कोटाचं अस्तर कापत होते, आणि कात्री अर्ध्यात थांबली.

"चहा निवतोय," मामी म्हणाली.

हूं नाही की चूं नाही. डोळे उघडे, नजर कापडावर.

"घ्या, आता हेही हँग झाले." आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात कात्री पुढे सरकली, रेघ जराही न चुकता. मामा मात्र खुर्चीत बसले आणि लांबून चालत आल्यासारख्या पोटऱ्या चोळू लागले.

पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. एकदा गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप धरूनच मामा थांबले. मी समोर होते. ते जागचे तसूभरही हलले नाहीत. भानावर आल्यावर त्यांनी माप सांगितलं, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि आतून आलेल्या मामीला म्हणाले, "तुझ्या कानामागे तीळ आहे. इतक्या वर्षांत कधी बघितलाच नव्हता."

मामीने कानाला हात लावला. "आत्ता कुठे दिसला? मी तर आत ओट्यापाशी होते."

मामांनी टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "हँग मी होत नाही. तुम्ही होता."

"म्हणजे घरात मीच बंद पडते म्हणा."

"नळाची धार हवेत थांबते. तू हातात झाकण धरून उभी. ही मशीनपाशी, पापणी अर्धी मिटलेली. मी हाका मारतो. रस्त्यापर्यंत जाऊन येतो. तिथेही सगळं तसंच. मग तुझ्यापाशी येऊन बसतो."

मामीने काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, पण मामांचा चेहरा बघून तिने ती गिळली.

"तसं बसायचीही भीती नव्हती," मामा म्हणाले. "पण हल्ली वर कोणीतरी चालतं. तुम्ही सगळे थांबलात की चालतं, सुरू झालात की बंद. परवा जिन्याच्या पहिल्या पायऱ्या वाजल्या. वरच्या."

मी वर जाऊन कुलूप ओढून पाहिलं. गंजलेलं, घट्ट. तरी मनात पाल चुकचुकलीच.

दुसऱ्याच दिवशी मामीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी तपासण्या करून सांगितलं, "फिट येण्याचाच एक प्रकार आहे. मेंदू क्षणभर हँग होतो म्हणा ना. बाकीचे भास." गोळ्या दिल्या. त्या लागू पडल्या. कात्री पुन्हा कधी अर्ध्यात अडली नाही, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

बऱ्याच दिवसांनी काजं करता करता मामीने सहज विचारलं, "आता नाही ना ऐकू येत ते?"

"नाही," मामा म्हणाले. "आता मीही तुमच्याबरोबर थांबतो. मग ऐकणार कोण?"

मामीची सुई काजातच राहिली. मामांनी खडूने पुढची रेघ मारली. ते चेष्टा करत नव्हते आणि घाबरलेलेही नव्हते. कापडाचा पन्हा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं होतं.

त्यानंतर घरात तो शब्द कोणी काढला नाही. मामांची तब्येत छान राहिली, हातही स्थिर. पण अधूनमधून बोटातून काढून आत्ता टेबलावर ठेवलेलं अंगुस्तान खिडकीत सापडतं. एकदा माझी वेणी मी घातली त्याहून घट्ट होती. मामी म्हणते, "विसरलो असू आपण." मामा काही म्हणत नाहीत.

मामीने तिची खुर्ची मात्र हलवली. पूर्वी ती उजेडासाठी रस्त्याकडे तोंड करून बसायची. आता जिन्याकडे बघत काजं करते, आणि टाके वेडेवाकडे पडले तरी चालतं म्हणते.