आधी लहानींनी बोलायचं

पत्रक मी लिहिलं होतं आणि जोरदार लिहिलं होतं. ‘आजपासून काम बंद!’ धुळ्याच्या आमच्या संघटनेत तीच रीत: आमचे नेते भाऊ ठरवणार, मी लिहिणार, लोक येणार. ती अगदीच वाईट नव्हती. साहेबाच्या टेबलासमोर ताठ उभं राहायला मला भाऊंनीच शिकवलं. ते उपकार मी नाकारत नाही.

मागणी साधी. सावद्याच्या एका केळी-पॅकिंग शेडमध्ये चौदा बाया दिवसभर फण्या धुतात, खोक्यांत भरतात, आणि त्यांच्यासाठी एक संडास नाही. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भर उन्हाळ्यात! व्यापाऱ्याच्या ऑफिसला मात्र एसी.

मी पत्रकं वाटली. एकीचाही हात थांबला नाही. टोळीची अक्का भडगावकडची, इथे सून म्हणून आलेली. तिने पत्रक नीट वाचलं.

“पोरी, बठ्ठासले इचारं का तू?”

“सगळ्यांना कशाला विचारायचं? भाऊंनी ठरवलंय, अक्का.”

“भाऊनी कधी फनी धुयी का?”

बाया खो-खो हसल्या. मी चिडले. मग तिने दारातल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. घड कापून आलेले. कापलेली केळी कुणाच्या संपासाठी थांबत नाहीत, काळी पडतात. आणि नुकसान होतं शेतकऱ्याचं, जो यांच्यातल्याच कुणाचा दीर, कुणाचा चुलता. धुळ्यात हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

चहाच्या सुट्टीत अक्काने सगळ्यांना उलट्या क्रेटवर बसवलं आणि सर्वांत लहान पोरीला आधी बोलायला लावलं. “मोठी बोलनी का लहानी गप बसस,” ती मला म्हणाली. पोर म्हणाली, दाराला आतून कडी पाहिजे. माझ्या पत्रकात कडी नव्हती. दुसरी म्हणाली, आलेला माल भरून देऊ, पण व्यापाऱ्याला आत्ताच सांगू: उद्यासाठी घड कापू नका, आम्ही येणार नाही. अक्का शेवटी बोलली, तेही एकच शब्द: “चाली.” म्हणजे चालेल.

भाऊंना फोन लावून सांगितलं, संप आज नाही, उद्यापासून.

“आपण ठरवलं होतं ना?”

“तुम्ही ठरवलं होतं, भाऊ.”

मला वाटलं, संपलं माझं संघटनेतलं काम. पण भाऊ म्हणाले, “बायांचं ऐक. अन् मला रोज कळव.” सगळे नेते असं म्हणत नाहीत.

संपाच्या तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस आला. “तुमचा लीडर कोण?” चौदाही जणी एकदम बोलू लागल्या. संडास किती, कुठे, पाणी कुठून. त्या बिचाऱ्याला लिहून घ्यावं लागलं.

दोन संडास बांधून झाले. सभेत अजूनही मला सगळ्यांच्या आधी बोलावंसं वाटतं. कधी थांबते, कधी नाही. थांबते तेव्हा मनातल्या मनात अक्काचे आभार मानते.