खाली घट्ट, वर सैल

नकाशेबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. आठवड्याने त्यांचा परगावी राहणारा भाचा खोली रिकामी करायला आला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या वाइंडरच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "काका, मावशीला तुम्हीच काय ते जवळून ओळखत होता म्हणतात. काहीतरी सांगा ना तिच्याबद्दल."

वाइंडरला काही सांगता येईना. बाईंचं लहानपण कुठे गेलं, त्यांनी लग्न का केलं नाही, दर महिन्याला त्या पत्र कुणाला लिहीत, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्यांच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला तीळ होता, करंगळी जराशी वाकडी होती आणि कोपराच्या खोबणीतली कातडी फार लवकर लाल व्हायची. हे काय कुणाच्या भाच्याला सांगायचं? "चांगल्या होत्या," एवढंच तो म्हणाला. भाच्याने मान डोलावली. खाली कपाट उतरवायला माणसं आली होती, म्हणून तो चहा न घेताच गेला.

वाइंडर म्हणजे जळालेल्या मोटरी आणि पंखे पुन्हा भरून देणारा. जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, चाळीस वर्षं हाच धंदा. ही गोष्ट घडली तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. डोळे अधू झाले तेव्हा दुकान विकलं आणि तार गुंडाळायचं हातयंत्र तेवढं घरी आणून खिडकीशी ठेवलं. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं माणूस म्हणजे दूधवाला, आणि दूधवालाही पिशवी दाराला अडकवून जाई.

नकाशेबाई जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवायच्या. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघ न् रेघ गिरवायची, अशी नोकरी. पन्नाशी उलटली होती. छातीच्या आजाराचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, आजार गेला, पण काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात हळूहळू सुजत गेला. अंगात एक पाणी फिरत असतं, त्याची वाट त्या गाठींतून जाते. वाट बंद झाली की पाणी हातातच साचतं. आधी अंगठी निघेना, मग घड्याळाचा पट्टा पुरेना, मग ब्लाउजची बाही उसवून घ्यावी लागली. सुजलेल्या हाताखाली रेघ आखायची पट्टी सरकू लागली आणि दोन नकाशांवर शाई फिसकटली. साहेबांनी दोन महिन्यांची रजा दिली आणि सांगितलं की तोवर हात कामाला आला नाही, तर तुम्हाला आवक-जावकच्या खिडकीवर बसावं लागेल. बाई इतर कशालाही भ्याल्या नसत्या, पण त्या खिडकीला भ्याल्या.

एका सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन वाइंडरच्या दारात आल्या. तोवर दोघांची ओळख जिन्यातली, 'काय कसं काय' इतकीच. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही तार गुंडाळत होता ना?"

"होतो."

"मग पट्टी गुंडाळाल का? हाताला. रोज. एका हाताने नीट होत नाही आणि दवाखान्यातली मुलगी म्हणते, घरचं कुणीतरी शिकून घ्या." जरा थांबून त्या म्हणाल्या, "घरचं कुणी नाहीये."

तो नाही म्हणणाराच होता. परक्या बाईच्या हाताला हात लावायचा, लोक काय म्हणतील, आपले हात राठ, असं बरंच काही त्याच्या मनात आलं. पण नाही म्हणायलाही धीर लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. म्हणून तो हो म्हणाला.

दवाखान्यातली थेरपिस्ट, त्याला नात असती तर तिच्या वयाची होती. तिने एकदा सगळं करून दाखवलं. आधी हात साध्या साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करून मलम लावायचं, कारण बारीकशी चीर पडली तरी तिथून जंतू शिरतात, ताप भरतो, हात लालबुंद होतो. मग मालीश. जोर लावायचा नाही, मोरपीस फिरवल्यासारखं करायचं, कातडी सरकेल इतकंच, आणि सुरुवात मानेपासून. ते बाई स्वतःच्या उजव्या हाताने करणार होत्या. मग सुती मोजा, बोटांना जाळीच्या पट्ट्या, वर मऊ कापूस आणि त्यावर तीन जाड पट्ट्या, पंजापासून काखेपर्यंत. पट्ट्या बांधलेल्या असतानाच मुठी वळायच्या, कोपर वाकवायचा. दुसऱ्या सकाळी सोडायच्या, धुवायच्या आणि पुन्हा बांधायच्या. हे पुरतं बरं होणारं दुखणं नाही, पण सांभाळता येतं, असंही तिने सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. 'सांभाळता येतं' याखाली रेघ मारली.

रोज सकाळी सातला वाइंडर खाली यायचा. बाई मालीश करत तोवर तो खिडकीकडे तोंड करून बसायचा, आणि त्यांनी "हं" म्हटलं की वळायचा. पहिल्या चार दिवसांत त्याने बांधलेल्या पट्ट्या बघण्यासारख्या होत्या. वेढ्याला वेढा चिकटलेला, अंतर सारखं, ताण सारखा, पंजापासून खांद्यापर्यंत एकही सुरकुती नाही. बाईसुद्धा म्हणाल्या की माझी रेघ अशी यायला पाच वर्षं लागली. त्याला बरं वाटलं. कौतुकाची सवय सुटलेली होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यात पट्ट्या सोडल्या तर बोटं फुगून गच्च झालेली, पंजा आधीपेक्षा जाड. थेरपिस्टने पट्टी हातात घेऊन ताणून पाहिली आणि विचारलं, सगळीकडे सारखाच ताण दिलात का? वाइंडर अभिमानाने हो म्हणाला. मोटर भरताना एक वेढा सैल आणि एक घट्ट झाला की मोटर जळालीच समजायची.

"आजोबा," ती म्हणाली, "हा हात आहे, पंखा नाही. पाणी वर चढवायचंय. खाली घट्ट, वर सैल. वरही तेवढंच आवळलंत तर ते बिचारं जाणार कुठे?"

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चूक माझी. मी पंखेवाल्याकडे गेले." मग मात्र तिघंही हसले. पण परतताना वाइंडरला हसू येत नव्हतं. त्याने एका माणसाचा हात बिघडवला होता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि पीळ त्याचा चाळीस वर्षांचा. त्याने बाईंकडून एक जुनी पट्टी मागून घेतली आणि दुपारभर स्वतःच्या पायावर सराव केला. घोट्याशी घट्ट, पोटरीवर जरा कमी, गुडघ्याशी अजून कमी. बोटं ऐकत नसत. ती आपली सारखाच ताण देत. मग त्याला सुचलं की वर जाताना श्वास सोडायचा. श्वास सुटतो तसा हातही सुटतो. तीन दिवसांनी त्याला जमलं.

पट्ट्या धुतल्यावर पुन्हा गुंडाळायचं काम मोठं कंटाळवाणं. ते तो आपल्या हातयंत्रावर करू लागला. मूठ फिरवली की पट्टी सर्रकन गोल. बाई एकदा पट्ट्या न्यायला वर आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. त्याच्या घरातली ती खुर्ची नऊ वर्षांत कुणी वापरली नव्हती.

बोलणं फारसं होत नसे. बांधायला पंचवीस मिनिटं लागत, त्यातली वीस गप्प जात. कधी बाई कामाचं सांगत. नदी उतरवताना श्वास रोखायचा, नाहीतर काठ थरथरतो. एकाही गावाला त्या गेल्या नव्हत्या, पण कुठल्या विहिरीपासून कुठला बांध किती लांब हे त्यांना पाठ होतं. एकदाच हाताविषयी बोलल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनचं मी विसरले असते हो काका. हा विसरू देत नाही. रोज उठून म्हणतो, मी आहे."  त्याने पुढचा वेढा घातला.

रविवारी माप. हातावर पेनाने ठिपके केलेले, त्या त्या जागी तो टेप धरून आकडा सांगायचा आणि बाई वहीत लिहायच्या. कोपराखालचा आकडा आधी एकतीस सेंटिमीटर होता. तो एकोणतीस झाला, अठ्ठावीस झाला, सत्तावीस झाला. थेरपिस्टने सांगितलं होतं की आकडा उतरायचा थांबला, दोन आठवडे तिथेच राहिला, की पट्ट्या बंद. मग मापाची घट्ट बाही शिवून घ्यायची. रबरी हातमोजा घालून ती आपली आपण चढवता येते. कुणाची गरज लागत नाही.

सत्तावीसवर दोन आठवडे पुरे होणार तो रविवार बाई मोजत होत्या. त्या दिवशी रजेचे अठरा दिवस उरणार होते. वाइंडरही मोजत होता. साडेसहा वाजता उठायला, नखं कापायला, धुतलेला सदरा घालायला एक कारण होतं, आणि ते सत्तावीस या आकड्यावर टेकलं होतं.

रविवार आला. त्याने टेप धरला. बरोबर सत्तावीस. डोळे अधू असले तरी तेवढं दिसत होतं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी टेपकडे पाहिलं. अर्धा मिलिमीटर चुकला तर शेजारच्यांत भांडणं लागतील असल्या रेघा तीस वर्षं ओढलेली बाई ती. तिला काय दिसलं नसेल? त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. वहीत लिहिलं, अठ्ठावीस. वही मिटली.

 दोन दिवस आवक-जावकच्या खिडकीवर बसलेल्या बाई त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिल्या. सांगून टाकू असं ठरवून तो खाली जाई आणि पट्टी बांधून वर येई. मंगळवारी दवाखान्यात थेरपिस्टने स्वतः मोजलं. सत्तावीस. वही पाहून ती म्हणाली, हे अठ्ठावीस कुठून आलं? वाइंडरने तोंड उघडलं होतं.

"माझंच चुकलं लिहिताना," बाई म्हणाल्या. "काकांनी बरोबर सांगितलं होतं."

बाहीचं माप घेतलं गेलं. बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. तो रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटत होतं. उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "काका, बाही यायला दोन आठवडे लागतात म्हणे. तोवर बांधायचंच आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. तो हो म्हणाला. त्या दोन आठवड्यांत त्याने जशा पट्ट्या बांधल्या तशा आधी कधी बांधल्या नव्हत्या, आणि त्या विषयावर दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही.

बाही आली. कातडीच्या रंगाची, जाड विणीची. बाईंनी ती त्याच्यासमोर चढवून दाखवली. हातमोज्याने थोडं थोडं वर सरकवत, ओठ दाबून. सहा-सात मिनिटं लागली. मग त्यांनी हात उचलून बोटं उघडली, मिटली. चेहऱ्यावर शाळेतून पहिल्या नंबराने आलेल्या मुलीसारखा आनंद होता. त्याने तोंडभरून शाबासकी दिली. ती खरी होती. पट्ट्या अडीअडचणीला राहू द्या, त्या म्हणाल्या, आणि त्याने गुंडाळून दिलेल्या पट्ट्या कपाटात ठेवल्या. अडीअडचण आलीच नाही. हात कसा सांभाळायचा हे बाई शिकून गेल्या होत्या.

रजा संपायच्या आधी दोन दिवस त्या कामावर गेल्या आणि आपल्या टेबलावर बसल्या. खिडकी दुसऱ्या कुणाला मिळाली.

त्यानंतर दोन वर्षं गेली. वाइंडरला साडेसहाला जाग येतच राहिली. तो उठून हात धुवायचा आणि मग काय करायचं ते न सुचून खिडकीशी बसायचा. खाली बाईंच्या गॅलरीत दोरीवर धुतलेली बाही दिसली की बाई ठीक आहेत, एवढं कळायचं. खाली जायला निमित्त हवं आणि निमित्त काढणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याही कामाच्या बाई, लाजऱ्या. जिन्यात भेट झाली की हात कसा आहे हे तो विचारी आणि त्या बाही जराशी पुढे करून दाखवत.

शेवटची भेटही तशीच, जिन्यात, सकाळची. बाई कचेरीत निघाल्या होत्या, खांद्याला पिशवी, डाव्या नव्हे, उजव्या. तो पाव घेऊन वर चढत होता. त्याला वाट द्यायला त्या भिंतीकडे सरकल्या.

"काका, तुमचा टॉवेल माझ्या गॅलरीत पडलाय."

"असं? संध्याकाळी येऊन नेतो."

"कशाला खाली येता, गुडघे दुखतात तुमचे. मी येता-जाता तुमच्या दाराला अडकवून ठेवीन."

"बरं," तो म्हणाला.