शालूताई हसली तो पिक्चर

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं अकोल्याला स्वयंपाकघरात होते. भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली," आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" ...आता दीड महिना होत आला. माझी थोरली बहीण. घरात सगळ्यात धीट, आणि आईच्या मते सगळ्यात बेअब्रू करणारी! कारण काय, तर तिचं हसणं. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी उसळून बाहेर यायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. या हसण्यापायी तिची दोन स्थळं मोडली होती. एका मुलाची आई तर आमच्या दारातच म्हणाली, पोरगी बरी आहे, पण लाज नाही. ताई दिवसभर जेवली नाही. मग अमरावतीहून वसंतराव, म्हणजे आमचे भाऊजी, पाहायला आले. आईनं आधीच दम भरला, "शाले, दात दाखवशीन तं पाह्य!" त्यामुळे ताई पोह्यांच्या बशा देऊन अशी बसली, जणू घरात मयत झालं आहे. भाऊजींनी धीर करून बाबांना विचारलं, आम्ही एक पिक्चर पाहून येऊ का? बाबा हो म्हणाले, पण सोबत मला धाडलं.

त्या आठवड्यात लागलेला पिक्चर भलताच निघाला. घनदाट जंगल, पडका डाकबंगला, कुऱ्हाड घेऊन फिरणारं बिनमुंडक्याचं भूत. मुंडकं वेगळंच, झाडाखालून गडगडत यायचं आणि भेटेल त्याला बिडी मागायचं! रक्त तर काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काकवीसारखं वाहत होतं. बायका किंचाळत होत्या, मी ताईचा दंड घट्ट धरलेला, आणि ताई... आधी नुसती गदगदली. मुंडक्यानं दुसऱ्यांदा बिडी मागितली तशी खदाखदा हसली. अख्खं थिएटर वळून पाहू लागलं. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ!

भाऊजींकडे पाहिलं, तर पाय खुर्चीवर, तोंडावर रुमाल. रुमालाआडून आवाज आला, "गेलं का ते?"

"नाही, हाये अजून," ताई म्हणाली. "डोये नका उघडू."

मग शेवटपर्यंत ती सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "मले तं काहीच दिसलं नाही. पण तुमी हसून राहिल्या होत्या, तवा वाटलं, आपल्याले काही होत नाही." ताई एवढी लाजलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आठवड्यात होकार आला. पुढं अमरावतीत असला एकही पिक्चर दोघांनी सोडला नाही. भाऊजी कधी डोळे उघडायचे नाहीत, आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणायचे, काय झकास पिक्चर होता!

परवा त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ, टीव्हीवर तसलाच सिनेमा, जंगल आणि आरडाओरडा. भाऊजी तोंडावर रुमाल घेऊन बसलेले. शेजारी ताईची वेताची खुर्ची. मी दारातच थबकले.

"गेलं का ते?" त्यांनी खुर्चीच्या दिशेनं विचारलं.

मला रडू आवरेना. तशीच जाऊन त्या खुर्चीत बसले. हसून पाहिलं, पण ताईचं हसू मला कुठलं जमायला... शेवटी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही भाऊजी, हाये अजून. डोये नका उघडू."