दोरीनं धरलेला बिघाड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते औरादला गाडीचं टायर बदलायचं. पोराची मोठी गाडी, चारी चाकांनी ओढणारी. बायको म्हणाली, "एकच फाटलंय, एकच घाला." घातलं. चार दिवसांनी ती गेली.

आमच्या रीतीप्रमाणं तिला शेतात पुरलं, चढावर. माझे गुडघे चालू देत नाहीत. गाडीनं जावं तर काळ्या चिखलात स्टेअरिंगपुढं पिवळा दिवा लागायचा आणि जोरच तुटायचा. दोघा मिस्त्रींनी कॉम्प्युटर लावून पार्ट बदलले. फरक शून्य.

शेवटी जनवाड्याच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं आधी डोळे मिटून चारी टायरांवर तळहात फिरवला. मग एकेका चाकाला खडूची खूण केली, चाकाचा एक फेरा होईस्तोवर गाडी ढकलली आणि फरशीवरचं अंतर दोरीनं मोजलं. नव्या चाकाची दोरी दोन बोटं जास्त भरली.

"अप्पा, नवं चाक मोठं, सावकाश फिरायलंय. गाडीला वाटायलंय, बाकीची तिन्ही घसरायलीत. म्हणून ती जोर तोडायलीय. एकच घालायची अक्कल कुणाची?"

"बायकोची."

"तिला काय बोलू नका. दुसऱ्या गाडीत खपलं असतं."

मी त्याच्या हातांकडं बघतच राहिलो. कॉम्प्युटरला न दिसलेलं त्या हातांना दिसलं होतं. त्यानं बाकीच्या तिन्ही टायरांच्या मापाचं जुनं टायर हुडकून बसवलं. दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गाडी घेऊन चढ चढलो, तिच्यापाशी बसलो आणि मातीवर वाढलेलं गवत उपटलं.