मालकीण म्हणून बसायचं

"तिला निस्ती बसवाची हाय. बोलाचा काय न्हाय."

दाराआड माझे मालक, गोदामवाले भाऊ, आपल्या भाच्याला सांगत होते. मी दाराच्या अलीकडे, फाईल छातीशी धरून उभी. भिवंडीतल्या सरकारी कचेरीचा वरचा मजला. पलीकडच्या खोलीत मुंबईहून आलेले साहेब एकेका अर्जदाराला बोलावत होते.

माझ्या अंगावर आजीचं लुगडं होतं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं. जन्मात पहिल्यांदा. भाऊंनी बजावलं होतं, "तो पंजाबी ड्रेस नको. तुमच्यान नेसतात तसा नेस. सायबाला दिसला पायजे." जिन्यात दोन कारकून माझ्या पोटऱ्यांकडे बघत खाली गेले. मी लुगडं खाली ओढत होते. ते खाली येत नव्हतं. आजी याच लुगड्यात भात लावायची, डोंगर चढायची. तिला कधी लाज वाटली नाही. ती ते स्वतःहून नेसायची.

सकाळी नेसवताना आयनं विचारलं होतं, "कोन मंत्री येतंय? नाचाय नेतात काय तुला?"

मी अकलोलीच्या वरच्या पाड्यावरची. शिकले मात्र इंग्रजी शाळेत, सिस्टरांच्या वसतिगृहात राहून. हळू बोल, नीट बस, विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस. हे तिथे सगळ्यात पक्कं शिकले. बारावीनंतर भिवंडीजवळच्या वळ गावात भाऊंच्या गोदामाच्या ऑफिसात लागले. टायपिंग, पत्रं, फोन. भाऊ गावचे जमीनवाले. शेतं होती तिथे आता त्यांची गोदामं होती. बाहेरची माणसं आली की माझ्याकडे बोट दाखवायचे. "ही आमची मुकी. पन इंग्लिश झकास लिवते." सगळे हसायचे. मीही हसायचे. माझं ते हसणं मला आजही बोचतं.

त्या वर्षी सरकारनं एक निधी काढला. कर्ज नव्हे. इथल्या लहान धंद्यांत सरकार स्वतः भांडवल घालणार, भागीदार होणार. आदिवासी बाईचा धंदा असेल तर तिचा नंबर आधी. एका माणसाला एकच अर्ज.

भाऊंनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचा अहवाल लिहायला सांगितला. "मालकिनीचा नाव रिकामा ठेव. मंग भरू." मी रिकाम्या जागेपुढे लिहिलं, ही बाई डोंगरातून आली, हिनं हिंमत केली, आता ही पाड्यातल्या बायकांच्या हाताला काम देणार. इंग्रजीत ते फार सुंदर झालं. मी दोनदा वाचलं. खूश झाले. नोकरीला लागताना भाऊंनी माझ्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स घेतली होती. तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही.

आय आणि पाड्यातल्या चौघी त्याच गोदामाच्या गेटबाहेर हमालांना भाकरी-कालवण विकायच्या. घरी रांधायचं, पाट्या घेऊन पहिली एसटी पकडायची. पोचेपर्यंत कालवण थंड. त्यांना वळ गावातच एक पत्र्याची शेड हवी होती, दोन मोठ्या शेगड्या हव्या होत्या. निधीचं मीच आयला सांगितलं. ती म्हणाली, "मंग लिव ना. तुला येतं." लिहिता-वाचता येणारी मी एकटी, म्हणून अर्जदारही मीच. पाचही जणींनी अंगठे केले.

कचेरीत खिडकीवरच्या कारकुनानं आमचा अर्ज परत सरकवला. "तुमच्या नावावर आधीच कारखाना आहे की, मॅडम!"

त्यानं कागद फिरवून दाखवला. माझाच तो सुंदर परिच्छेद. रिकाम्या जागेत माझं नाव.

मी परत आलेला अर्ज भाऊंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. हसले. "अगो, मालकीन झालीस तू! पेढे दे." मग आवाज खाली आणला. "तुझी आय बसते ती जागा कोनाची हाय? मंगळवारी सायबासमोर गप बसाचा."

तीन दिवस मी आयला सांगत राहिले, वेळ लागेल. चौघी रोज विचारायच्या, "काय झाला गो आपल्या शेडचा?" गेट भाऊंचं. सही माझी, दाखला माझा. बोलले तर आयची जागा जाणार, आणि खोट्या कागदात मीही अडकणार. नाही बोलले तर शेड कधीच नाही. कुठूनही बघितलं तरी भिंतच.

आणि मंगळवारी मी लुगडं नेसले.

नाव पुकारलं. भाऊंनी मला मधल्या खुर्चीत बसवलं. साहेबांनी विचारलं, "बाई, या धंद्यात तुम्ही काय काम बघता?"

"लाजते, सायेब," भाऊ म्हणाले. "शिकलेली न्हाय. सहीपुरता येतं."

"अहवाल मात्र उत्तम लिहिलाय. कुणी लिहिला?"

"हा माझा भाचा. त्यानं."

भाच्यानं मान डोलावली. साहेब शेजारी बसलेल्या अधिकारी बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, बिचारीला आपण कशावर सही केली हेही माहीत नसणार. बाईही इंग्रजीतच म्हणाल्या, यांचं असंच असतं. त्यांनी आवाज खाली आणायचीही तसदी घेतली नाही. मला कळेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

माझ्या गुडघ्यांवर हात होते. ते मी उचलले. लुगडं ओढायचं सोडून दिलं.

मी इंग्रजीत बोलू शकले असते. पण प्रत्येक शब्द भाऊंनाही कळायला हवा होता. खुर्चीत ताठ बसले आणि मराठीत म्हणाले:

"साहेब, अहवाल मी लिहिलाय. आता तुम्ही दोघं जे बोललात, तेही मला कळलंय. या कारखान्याची मालकीण मी नाही, मी यांच्याकडे टायपिंग करते. खालची सही माझी आहे. गुन्हा असेल तर माझ्यावरही लिहा. पण हा अर्ज आत्ता, माझ्यासमोर रद्द करा. आणि माझ्या आईच्या शेडसाठी केलेला अर्ज माझ्या फाईलमध्ये आहे, तो घ्या. त्यावर पाच अंगठे आहेत. ज्यांचे आहेत त्या पाचही जणी वळच्या गेटबाहेर बसल्या आहेत. त्यांना इथे बोलवा आणि विचारा. तोवर मी या खुर्चीवरून उठणार नाही."